तुझं धुकं, माझा धूर

प्रिय मास्तर,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने उमटला. खोडणार होते, पण मग नवा कागद घ्यावा लागला असता, आणि आधीच तीन फाडून झालेत. तेव्हा राहू दे. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला वाटेल, वय झालं, हिला जुने दिवस आठवायला लागले. तसलं काही नाही. मी रागावले आहे. इतकी, की काल दारात आलेल्या गॅसवाल्यावर उगीचच खेकसले, आणि तो बिचारा मुकाट्याने जिना उतरून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. ज्याच्यावर खेकसायचं तो राहिला बाजूला आणि भलत्यालाच बोलणी बसताहेत, हे बरं नव्हे म्हणून लिहायला बसले.

तुझ्या समितीचा अहवाल वाचला. पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचला. हमरस्त्यावर, नदीच्या पुलाच्या अलीकडे, सकाळची बस उभ्या टँकरवर आदळली, तीन माणसं गेली, आणि त्याचं कारण शोधायला नेमलेल्या समितीचा अध्यक्ष तू. भाषा नेहमीसारखी स्वच्छ आहे. तुझं शुद्धलेखन कधीच चुकत नाही. ‘दृश्यमानता मोजणारे यंत्र नियमाप्रमाणे कार्यरत होते. अपघाताच्या वेळी यंत्राने सहाशे मीटरहून अधिक दृश्यमानता नोंदवली. फलकावरील वेगमर्यादा योग्य होती. चालकाने पुरेशी दक्षता घेतली नाही.’ संपलं. हात झटकून मोकळे. ते यंत्र कोणी घडवलं, हे मात्र अहवालात कुठेच नाही. तूच घडवलंस ना रे? आपल्याच लेकराचा पेपर आपणच तपासायचा, त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचे, आणि नापास कुणाला करायचं, तर परीक्षेलाच न बसलेल्या माणसाला! चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. तुला चोर म्हणत नाही. अजून तरी नाही. त्या चालकाबद्दल पुढे लिहिते. आत्ताच लिहायला गेले तर अक्षर बिघडेल.

सरांची बुधवारची बैठक आठवते का तुला? आठवतच असेल, तू तिच्यावर भाषणं देत हिंडतोस असं ऐकते. ती तळघरातली लांब खोली, एकच टेबल, त्याचा एक पाय आखूड म्हणून खाली सारलेला विटेचा तुकडा. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरच्या जगाचे फक्त पाय दिसायचे. आणि आत काय एकेक नग! आकाशातली धूळ अभ्यासणारे ते उंच गृहस्थ, ज्यांना आपण ‘तारेवाले’ म्हणायचो. रडारवर पाऊस बघणारा बडबड्या. रंगाच्या कारखान्यातल्या बाई, ज्यांच्या नखांत कायम पांढरं अडकलेलं असायचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. आणि कोपऱ्यात सरांचे दोन विद्यार्थी, तू धुक्याचा आणि मी धुराची. पहिले सहा महिने कुणाचं कुणाला कळायचं नाही. एकाच गोष्टीला पाच जण पाच नावं द्यायचे आणि वर भांडायचे. सर शांतपणे म्हणायचे, अरे, प्रश्न तुमचा एकच आहे. प्रकाश जातो, कणावर आदळतो, चहूकडे विखुरतो. त्या विखुरलेल्यातलं जे चिमूटभर हाती येतं, त्यावरून कण कसा आहे ते ओळखायचं. तो कण ताऱ्यांमधल्या धुळीचा असो, नाही तर म्हातारीच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचा, आपण कुणाच्या खात्यात मोडतो हे त्याला ठाऊक नसतं. आणि मग आपण सगळे जण ‘हो हो’ म्हणून पुन्हा भांडायला लागायचो.

एका बुधवारी तारेवाल्यांनी दोन फोटो आणले होते. आकाशाचा तोच तुकडा, दोनदा टिपलेला. एकात मधोमध काळा डाग, जणू तिथे तारेच नाहीत. दुसऱ्यात त्याच जागी तारेच तारे. पहिला आपल्या डोळ्यांना दिसतो त्या प्रकाशात काढलेला, दुसरा त्यापलीकडच्या लांब लहरींच्या प्रकाशात. धूळ बारीक असली की आखूड लहर तिच्यात अडकते आणि लांब लहर खुशाल पार निघून जाते, असं त्यांनी सांगितलं. तू टेबलावर हात आपटलास. म्हणालास, ‘म्हणजे लांब लहरीच्या लेखी ती धूळ नाहीच!’ वीट निसटली, टेबल कलंडलं, सगळ्यांचा चहा बडबड्याच्या कागदांवर. त्यानंतर महिनाभर तो आपल्याशी बोलला नाही, आणि खोलीत किती शांतता होती! हा प्रसंग मी काही गंमत म्हणून लिहीत नाही, मास्तर. ते वाक्य तुझं होतं. मी ऐकलं, सरांनी ऐकलं, खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

त्या दिवसांत आपली यंत्रं नदीकाठी कोण पोचवायचं? माझा धाकटा भाऊ. घरी सगळे त्याला छोट्या म्हणत, तूही म्हणायचास. तेव्हा तो बेकरीचा टेम्पो चालवायचा. पहाटेचे पाव दुकानांत टाकून झाले की रिकामा टेम्पो घेऊन आपल्या दारात हजर. आपली सगळी उपकरणं महिनोन्महिने पावासारखी दरवळायची. मला त्याच्या प्रश्नांचा कंटाळा यायचा, ‘तुला काय करायचंय’ म्हणून मी उडवून लावायची. तू कधीच उडवलं नाहीस. ‘मास्तर, धुकं पांढरं आणि धूर निळसर, असं का हो?’ असं त्याने विचारलं, तर तू वाळूत उकिडवा बसलास आणि काडीने थेंब काढलास, लहरी काढल्यास, अर्धा तास समजावत बसलास. तुझं मास्तर हे नाव त्यानेच ठेवलेलं. त्या दिवशी टेम्पोच्या पायरीवर बसून मी तुम्हा दोघांकडे पाहत होते आणि मनात म्हटलं, संसार करायचा तर याच माणसाबरोबर. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगूनही काही बिघडत नाही.

पुढे सर निवृत्त झाले, बैठक मोडली, जो तो आपापल्या खात्यात जाऊन बसला. तुला टेकडीवरच्या संस्थेत जागा मिळाली. ‘पुढच्या महिन्यात येऊन आईंशी बोलतो’ असं तू वर्षभर म्हणत राहिलास, आणि मग तुझ्या लग्नाची बातमी मला रंगाच्या बाईंकडून कळली. तेव्हा मी रडले, भांडी आपटली, तुला जन्माचे शिव्याशाप दिले. हे पत्र वाचताना ‘बाई जुनं उकरून काढतेय’ अशी स्वतःची समजूत घालशील आणि घडी घालून ठेवून देशील, म्हणून आधीच सांगते. तो राग केव्हाच विरला. तुझी मुलं मोठी झाली, चांगली निघाली, हे ऐकून मला खरंच बरं वाटतं. हा राग वेगळा आहे, नवा कोरा आहे, आणि त्याला तू एकटा कारण आहेस.

दोन वर्षांपूर्वीचं ते संमेलन. भरलेलं सभागृह, व्यासपीठावर तुझं यंत्र. खांबाला दोन हात, एक प्रकाश फेकतो, दुसरा हवेत विखुरलेला प्रकाश झेलतो, त्यावरून किती लांबचं दिसेल ते ठरतं आणि रस्त्यावरच्या फलकावर वेगाचा आकडा झळकतो. सुंदर काम. मनापासून टाळ्या वाजवल्या मी. मग हात वर केला आणि एवढंच विचारलं, की पुलाअलीकडे रस्त्याला लागून कचऱ्याचा डेपो आहे, तो आतून महिनोन्महिने धुमसतो, त्याचं काय? तुमच्या यंत्राचा प्रकाश लांब लहरींचा. धुक्याचा थेंब मोठा, तो सगळ्याच लहरी विखुरतो, तिथे यंत्र चोख चालेल. पण धुराचा कण बारीक. तो माणसाच्या डोळ्यांपुढे पडदा धरेल आणि यंत्राच्या लहरीला वाट करून देईल. माणसाला दिसणार नाही आणि यंत्र म्हणेल, सगळं स्वच्छ आहे. हे मी तुला शिकवायला नको होतं, तारेवाल्यांचे फोटो तूही पाहिले होतेस. तू माईक हातात घेतलास, हसलास आणि म्हणालास, ‘मॅडमचा धूर मॅडमच्या खात्यात राहू दे. आमच्या रस्त्यावर धुकंच येतं.’ अख्खं सभागृह हसलं. मीही हसले, कारण अशा वेळी बाईने हसायचं असतं, नाही तर ती ‘फार मनाला लावून घेते’ असं होतं. नंतर चहाच्या वेळी तू जवळ आलास. हळूच म्हणालास, तुझं बरोबर आहे गं, पण सरकारी मंजुरी अगदी तोंडावर आलीय, आत्ता शंका काढली की सगळंच अडकेल, नंतर बघू. त्या हसण्याची मी तुला माफी देईनही. त्या ‘नंतर बघू’ची देणार नाही. तुला माहीत नव्हतं असं असतं, तर मी आज हे पत्र लिहिलंच नसतं.

आता चालकाबद्दल. तुझ्या अहवालात जागोजागी ‘चालक’, ‘सदर चालक’, ‘उक्त चालक’. पेपरात त्याचं नाव छापून आलं होतं, फोटोही होता. तू ओळखलं नाहीस असं मला सांगू नकोस. बेकरीचा टेम्पो सोडून छोट्या बसवर लागला त्याला वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत कुणाच्या सायकलला धक्का लागला नव्हता त्याच्याकडून. त्या सकाळी काय झालं ते त्याने मला दवाखान्यात सांगितलं, तुझ्या समितीलाही सांगितलं असणार, पण तुम्ही ते दीड ओळीत उरकलंत. तो म्हणाला, ‘ताई, पुढे निळसर, पुसट दिसायला लागलं तसा मी वेग उतरवला. पार चाळीसवर आणला. मग वर फलक बघितला. हिरवा, ऐंशी. म्हटलं, आपलेच डोळे कमी झाले असतील, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मास्तरांचं यंत्र आहे, ते उगीच कशाला सांगेल? मागचे हॉर्न मारत होते. मग मी पाय दिला.’ ऐंशी नाही, सत्तरपर्यंतच गेला. टँकर दिसला तेव्हा ब्रेक लागायला रस्ता उरला नव्हता. एक रात्रपाळी करून घरी निघालेली नर्स गेली, एक निवृत्त पोस्टमन गेले, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी चाललेली एक मुलगी गेली. ती मुलगी पुढच्याच बाकावर बसली होती आणि छोट्याला तीनदा विचारून झालं होतं, ‘काका, वेळेत पोचू ना?’

मी हात बांधून बसले नाही. तुझ्याच बनावटीचं एक यंत्र विमानतळाच्या हवामान कचेरीतून मागून आणलं आणि डेपोपाशी नेऊन उभं केलं. सोबतीला कोण, तर डॉक्टरीणबाई! आता पंच्याहत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, पण म्हणाल्या, डोळ्यांचा प्रश्न आहे तर मी नको का? लाल छत्री उघडून त्या रस्त्याच्या कडेने चालत निघाल्या आणि दर थोड्या वेळाने ओरडून विचारायच्या, ‘दिसते का गं मी?’ सव्वाशे मीटरवर त्या दिसेनाशा झाल्या. छत्री नाही, बाई नाही, नुसता खोकला ऐकू येत होता. मी यंत्राकडे पाहिलं. आकडा होता सहाशे दहा. जे खरं ठरू नये असं वाटत होतं, तेच खरं ठरलं होतं. सगळं नीट लिहून तुझ्या समितीकडे पाठवलं. उत्तर आलं, तुझ्याच कचेरीतून. ‘आपण चालकाच्या भगिनी असल्याने आपले निरीक्षण विचारात घेता येणार नाही.’ भगिनी! आपल्या यंत्राचा जन्मदाता त्या यंत्राचा निवाडा करू शकतो, पण बहिणीला सव्वाशे मीटरवरची छत्री दिसत नाही असं म्हणायचाही अधिकार नाही. डॉक्टरीणबाईंनी ते पत्र वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर शिवी दिली. कोणती ते लिहीत नाही. तुला उद्देशूनच होती.

आणि आमच्या घरी काय चाललंय ते ऐक. आईला अहवाल वाचून दाखवला, तर ती म्हणते, ‘तो असं लिहिणारच नाही. दुसऱ्या कुणी तरी लिहून त्याची सही घेतली असेल.’ अजून तुझी बाजू घेते. मी आवाज चढवला तर मलाच म्हणाली, तू त्याच्यावर पहिल्यापासून डूख धरून आहेस. बोल आता! छोट्या जामिनावर सुटून घरी आहे. हाताचं हाड जुळलं. पण खिडकीशी उभा राहतो आणि बायकोला विचारतो, ‘समोरच्या गच्चीवर निळी टाकी आहे ना? तुलाही निळीच दिसते ना?’ ती हो म्हणते. मग जरा वेळाने पुन्हा विचारतो. रस्ता ओलांडताना आपल्या मुलीचा दंड धरतो, गाडी लांब आहे की जवळ ते तिला विचारून पाऊल टाकतो. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, उत्तम आहेत. त्याला ते पटत नाही. ज्या माणसाने वीस वर्षं नजरेच्या भरवशावर हजारो लोकांना घरी पोचवलं, त्याचा नजरेवरचा भरवसाच उडालाय. कायद्याने जी शिक्षा होईल ती होईल. ही शिक्षा तू दिलीस.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. सोमवारी त्याची तारीख आहे. वकील लढायला तयार आहेत, मी साक्ष द्यायला तयार आहे, डॉक्टरीणबाई लाल छत्री घेऊन कोर्टात यायला निघाल्यात. पण काल छोट्याने जेवताना आम्हा सगळ्यांना सांगितलं, की तो गुन्हा कबूल करणार आहे. शिक्षा कमी व्हावी म्हणून नाही. त्याला खरंच वाटतं की समोर स्वच्छ दिसत होतं आणि त्यालाच दिसलं नाही. म्हणाला, ‘ताई, तू बहीण आहेस, तू माझ्या बाजूने बोलणारच. मास्तरांना माझ्याशी काय वैर आहे? त्यांनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार.’ माझं सगळं शिक्षण, सगळं शास्त्र त्या एका वाक्यापुढे लुळं पडलं. म्हणून तुला लिहितेय. अहवाल मागे घे असं मी म्हणत नाही, कोर्टात ये असंही म्हणत नाही. त्या गोष्टी तुझ्याच्याने होतील की नाही हे तुझं तुला माहीत, आणि नाही झाल्या तर त्यांच्यासाठी मी जन्मभर भांडेन. तू फक्त सोमवारच्या आत घरी ये. पत्ता तोच आहे. मी हवं तर बाहेर थांबेन, तुझं तोंडही पाहणार नाही. त्याच्यासमोर बस आणि त्याला सांग, की त्या सकाळी त्याला जे दिसलं तेच खरं होतं.

‘तुझीच’ लिहायला हात होत नाही.

त्याची बहीण